कॅबिनेट नांदूरघाटला मिळालं

नांदूरघाट,
दसरा झाल्यावर, दिवाळीच्या आधी.

आदरणीय दाजी,

तुमच्या पायावर डोकं ठेवतो. कागदावरूनच ठेवतोय, त्यामुळं तुम्हाला पाय मागं घेता येणार नाहीत.

आधी कबूल करून टाकतो. हे पत्र मी घट बसायच्या आधीच लिहायला घेतलं होतं. पहिल्यांदा कागद आणायला गेलो तर रस्त्यात बोअरची गाडी उभी. आता तुम्हाला माहीतच आहे, मी बोअरच्या गाडीवर कर्नाटकभर हिंडलेला माणूस. इंजिनाचा आवाज आला की माझे पाय मला न विचारता तिकडं वळतात. म्हणलं पाणी लागेपर्यंत थांबू. पाणी काही लागलं नाही. (शेताचा मालक शेवटी मलाच म्हणाला, "तू जा बरं हितून, तू आल्यापासून नुसता धुरळा निघायलाय.") दुसऱ्या खेपेला कागद आणला, पेन आणला, आणि 'आदरणीय' मधला 'णी' पहिला का दुसरा ते विचारायला शेजारच्या फ्लेक्सवाल्याकडं गेलो. तर त्याच्याकडं कुणाच्या तरी वाढदिवसाचं बॅनर चाललं होतं आणि त्याला मजकूर सुचत नव्हता. तो सुचवता सुचवता संध्याकाळ झाली. (मजकूर मात्र लई भारी झाला. "ज्यांच्या येण्यानं अंधारात उजेड पडतो." पुढं हाच मजकूर माझ्या अंगावर येणार आहे.) तिसऱ्या खेपेला मात्र आडवं काहीच आलं नाही, फक्त लिहायला तोंड नव्हतं. आज तोंड आहे, म्हणून लिहायलोय.

तुमची तब्येत कशी आहे? छबुआत्याचे गुडघे काय म्हणतात? मी सांगितलेलं तेल लावलं का? (लावलं नसंल तर लावू नका. ते तेल विकणारा माणूस नंतर स्वतःच लंगडताना दिसला.) ताई बरी आहे हे मला ठाऊक आहे, कारण मी तिला फोन करतो. पण तुमचा विषय काढला की ती म्हणती, "तुमच्या दोघांच्या मधी मला घेऊ नका, माझ्या हातात पीठ हाय." कधीही फोन करा, तिच्या हातात पीठच असतं. आणि तुम्ही तर मला फोनवर ब्लॉक करून ठेवलंय. राग नाही. माझ्यासारखा मेव्हणा मला असता तर मी सिमकार्डच बदललं असतं.

आता हे पत्र ताई मोठ्यानं वाचणार आणि शेजारणी पाय पसरून ऐकणार, म्हणून त्यांच्यासाठी मागचं थोडं सांगून घेतो. दाजींच्या धाकट्या बहिणीचं, म्हणजे छबुआत्याच्या लेकीचं, मनिषाचं, लग्न वैशाखात दाजींच्या गावी कड्याला झालं. नवरदेव पाटोद्याचा. शूटिंग मी आणि सद्दामनं केलं. सद्दाम म्हणजे आमच्या गावच्या फकीरचाचांचा पोरगा. चाचा मोटारी रिवाइंड करतात, आणि त्यांच्याच दुकानाच्या निम्म्या भागात आमचं लग्नाच्या फिल्मा करायचं काम चालतं. मनिषाची फिल्म आषाढात देतो म्हणालो होतो. आषाढ गेला, श्रावण गेला, गणपती पण आले. पाटोद्याच्या विहीणबाई छबुआत्याला म्हणाल्या म्हणे, "लग्न लागलं होतं ना नक्की? का नुसतेच फोटो काढले?" हे तुमच्या कानावर आलं, आणि गौरीच्या टायमाला तुम्ही मला फोनवर एवढंच म्हणालात, "दिवाळसणाला जावई यायचेत. त्येंच्या म्होरं फिल्म लागली पायजे. न्हाई लागली तर भाऊबीजेला कड्यात पाय ठिवू नको." आणि ब्लॉक.

दाजी, मी कुठंच टिकत नाही हे सगळ्या पाहुण्यांत गाजलेलं आहे. आयटीआय सोडलं, पुण्याचं हॉटेल सोडलं, बोअरची गाडी सोडली. पण भाऊबीज मी एक पण सोडलेली नाही. कर्नाटकातून बोअरच्या पाइपांवर बसून आलतो, ताईनं ओवाळायच्या आधी माझं तोंड पाण्यानं नाही, रॉकेलनं धुतलं होतं. त्यामुळं तुमचं ते वाक्य ऐकल्यापासून माझ्या घशाखाली घास नीट उतरत नव्हता. (उतरत होता, पण चव लागत नव्हती.)

उशीर कावून झाला ते आता सांगतो. आमच्याकडं होता एक जुना लॅपटॉप, सद्दामच्या आतेभावानं वापरून वापरून कंटाळून दिलेला. आम्ही तुमच्याकडच्या लग्नाचं शूटिंग केलं दोन कॅमेऱ्यांनी आणि वरून ड्रोन, सगळं एकदम मोठ्या क्वालिटीत, केस न केस दिसला पाहिजे असं. ते त्या लॅपटॉपच्या पोटात जाईना. मंगलाष्टकांपर्यंत कसंतरी यायचा, आणि छबुआत्यानं अक्षता टाकायला हात वर केला की तिथंच थांबायचा. पुन्हा चालू केला की पुन्हा तिथंच. अख्खा श्रावण आम्ही छबुआत्याला हात वर करून उभं ठेवलंय. (गुडघे त्यामुळं तर दुखत नसतील?) आणि तापायचा इतका की चाचा त्याच्यावर वार्निश लावलेल्या कॉइली वाळायला ठेवायचे. म्हणायचे, "तुमच्या धंद्याचं न्हाई माहीत, माझ्या धंद्याला मशीन झकास हाय."

तुमचा फोन आल्यावर आम्ही ठरवलं, आता नवा डेस्कटॉप घ्यायचा, आणि तयार नाही, एकेक पार्ट निवडून. इथून माझ्या डोक्याचा भुगा सुरू झाला. मोबाईलवरच्या व्हिडिओत एक जण सांगायचा, ग्राफिक कार्ड तगडं घ्या, बाकी काही बघू नका. दुसरा म्हणायचा, कार्डाच्या मागं लागलेला माणूस येडा, एडिटिंगला प्रोसेसर लागतो. तिसरा म्हणायचा, हे दोघं येडे, रॅम बघा. मग मला एक जण सापडला ज्यानं तेलाच्या डब्यात कॉम्प्युटर बसवला होता. तो मी दोनदा बघितला आणि चाचांच्या मागच्या खोलीतला पत्र्याचा डबा कापायला सुद्धा घेतला. तेव्हा सद्दामनं माझ्या हातातला मोबाईल काढून घेतला आणि म्हणाला, "अबे, तुला मिरचीचं बी आणायला सांगितलं तर बैल घेऊन येशील."

शेवटी चाचांनी आम्हाला समोर बसवलं. त्यांना काहीही समजायचं असलं तर ते आधी विहिरीवर घेऊन जातात. म्हणाले, प्रोसेसर म्हंजी काय? सद्दाम म्हणाला, मोटार. रॅम? हौद, मोटारीनं उपसलेलं पाणी जिथं घटकाभर साठतं तो. एसएसडी? विहीर, सगळं शूटिंग तिच्यात भरून राहणार. ग्राफिक कार्ड? दुसरी मोटार, फक्त चित्राच्या वावराला पाणी देणारी. आणि पावर सप्लाय म्हणजे डीपी, सगळ्यांना करंट देणारा. चाचांनी मान हलवली आणि लगेच विचारलं, "आन स्टार्टर कुठंय?" स्टार्टर नसतो म्हणल्यावर ते उठूनच गेले. बिनस्टार्टरची मोटार दुकानात ठेवणार नाही म्हणाले, जळली तर गावात नाव माझं जाईल. मग आम्ही यूपीएस घ्यायचं ठरवलं आणि चाचांना सांगितलं, हाच स्टार्टर. अजून त्यांना तेच माहीत आहे. तुम्ही आलात तर बोलून जाऊ नका.

सद्दामचं आणि माझं भांडण झालं ते लाईटवरून. त्याला सगळ्याला रंगीत लाईट पाहिजे होती. पंख्याला लाईट, बोर्डाला लाईट, रॅमला सुद्धा लाईट. मी म्हणालो, रॅमला कशाला लाईट बे, तिला अंधाराचं भ्या वाटतं का? तो म्हणाला, गिऱ्हाईक आत आल्यावर त्याला कळलं पाहिजे की मशीन भारी आहे. मी म्हणालो, गिऱ्हाईकाला वाटंल डीजेचं दुकान आहे. निम्मा दिवस बोलणं बंद. मग मिटलं असं की लाईट फक्त पुढच्या पंख्यांना, आणि चाचा दुकानात असले की ती बंद.

तर शेवटी ठरलं ते असं: प्रोसेसर भरपूर कोरचा, ग्राफिक कार्ड मधलं (त्याच्या नादात बाकीचं उपाशी ठेवायचं नाही), शूटिंगला वेगळी एसएसडी, पावर सप्लाय नामांकित, आणि रॅम बत्तीस. बत्तीस पण सोळा-सोळाच्या दोन पट्ट्या, कारण जोडीनं जुंपल्या की जास्त ओढतात. आणि कॅबिनेट मोठं. कॅबिनेट म्हणजे, शेजारणींनो, ज्या पेटीत हे सगळं बसवतात ती उभी पेटी. तिच्या एका अंगाला काच असते. छोटी पेटी घेतली की आत हवा खेळत नाही, सगळं तापतं. हा 'कॅबिनेट' शब्द ध्यानात ठेवा. याच शब्दानं माझं वाटोळं केलं.

सामान आणायला सद्दाम एकटाच बीडला गेला. (दोघं गेलो असतो तर मी वाटेतच कुठंतरी उतरलो असतो, असं त्याचं मत. मला पटलं नाही, पण खोडता पण आलं नाही.) दुकानात आमच्याकडं रेंज नसते, म्हणून मी स्टँडसमोरच्या चहाच्या हॉटेलाबाहेर उभा राहून फोनवर बोलत होतो. बोलत कसला, वरडत होतो. आणि शेजारच्या बाकड्यावर पेपर तोंडासमोर धरून बसले होते बद्रीनाथ अण्णा. अण्णा म्हणजे पंचायत समितीचे माजी सभापती. त्यांचे एक साहेब आहेत (नाव लिहीत नाही, पत्रं फुटतात), आणि त्या साहेबांना मंत्रिपद मिळणार, मिळणार म्हणून अण्णांनी शपथविधीला जायचा पांढरा ड्रेस शिवून ठेवलाय. मध्ये दोन सरकारं बदलली, अण्णांची ढेरी वाढली, ड्रेस उसवून पुन्हा शिवला, पण साहेबांचं काही होईना. आता अण्णांना फोनवरचं माझं अर्धंच बोलणं ऐकू येत होतं, ते अर्धं तुम्ही पण ऐका:

"मिळालं का कॅबिनेट? ... मिळालं! मोठं का छोटं? ... मोठंच धर बे, छोट्यात जीव गुदमरतो. ... बत्तीस पायजेतच, सोळावर भागत न्हाई. ... हां, सोळा इकडून, सोळा तिकडून. ... आन बोर्ड? बोर्ड बी चांगला बघ, त्याच्यावरच सगळे बसणारेत. ... पावर मात्र दुसऱ्याच्या भरवशावर ठिवू नको. ... म्हंजी आज संध्याकाळी गावात येतंय म्हण की!"

पेपर खाली आला. अण्णांचा चेहरा मी असा कधी बघितला नव्हता. म्हणाले, "कुणाला मिळालं रं?"

मी म्हणालो, "आपल्यालाच की अण्णा! नांदूरघाटला!"

"पक्कं?"

"सद्दाम तिथंच उभा हाय, डोळ्यानं बघायलाय."

"मोठंच ना? का राज्य–"

"मोठंच. छोटं आपुन घेतच न्हाई."

अण्णांनी माझा हात धरला. अगदी हळू विचारलं, "शपथ?"

मी म्हणालो, "आईशपथ, अण्णा!"

आता मला सांगा दाजी, यात मी खोटं काय बोललो? मला वाटलं, माणूस आमच्या कॉम्प्युटरसाठी एवढा हळवा होतो म्हणजे केवढं मोठं मन. अण्णा उठले आणि चपला घालायचं विसरून तसेच गेले. मी त्या चपला हॉटेलवाल्याकडं ठेवल्या आणि परत निघालो, तर वाटेत एकाची ट्रॉली चिखलात रुतली होती. ती ढकलून, त्याच्या घरी चहा पिऊन, त्याचं बिघडलेलं फवारणीचं मशीन बघून (दुरुस्त झालं नाही, पण आत काय आहे ते कळलं) मी स्टँडवर आलो तेव्हा दिवस मावळतीला आला होता.

स्टँडवर जेसीबी उभा. त्याच्या खोऱ्यात झेंडूची फुलं काठोकाठ. डीजेची गाडी. फटाक्याच्या माळा लांबच लांब पसरलेल्या. आणि मधोमध बॅनर: "कॅबिनेटपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!" खाली अण्णांचा मोठा फोटो, साहेबांचा बारका, आणि त्याच्याखाली माझाच मजकूर, "ज्यांच्या येण्यानं अंधारात उजेड पडतो." फ्लेक्सवाल्यानं घाईत वाढदिवसाचाच उचलला होता. मी तो वाचला, वर 'कॅबिनेटपदी' वाचलं, आणि अण्णांनी फोनवर काय ऐकलं ते तेव्हा कुठं टाळक्यात शिरलं. पळून जावं म्हणून वळलो तर समोरून सद्दाम बसलेली काळीपिवळी जीप आली.

सद्दाम पुढच्या सीटवर, मांडीवर खोकं, नवरीला आणावं तसं दोन्ही हातांनी धरलेलं. (सगळे पार्ट बीडच्या दुकानातच आत बसवून घेतले होते. फक्त काच रस्त्यानं फुटंल म्हणून काढून वेगळी गोधडीत गुंडाळली होती.) डीजे सुरू झाला, माळा लागल्या. सद्दाम नंतर म्हणाला, "मला वाटलं तुझं लगीन जमलं बे, आन मला सांगितलं न्हाई." अण्णा पांढऱ्या ड्रेसात हार घेऊन जीपच्या मागच्या दारातून आत शिरले, एक शेळी आणि दोन म्हाताऱ्या ओलांडून पुढच्या दारातून बाहेर आले, आणि म्हणाले, "साहेब कुठंयत?"

सद्दाम म्हणाला, "कोण साहेब?"

"कॅबिनेट कुठंय म्हणतो मी!"

"हे काय," सद्दाम म्हणाला, "मांडीवर."

कुणीतरी डीजेची वायर ओढली. शेळी वरडली तेवढीच. अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मी बॅनरच्या बांबूला धरून उभा होतो आणि गालावर कुठल्या बाजूनं बसणार याचा अंदाज घेत होतो. पण उगीच नाही माणूस सभापती होत. त्यांनी गर्दीकडं बघितलं, जेसीबीकडं बघितलं, हातातल्या हाराकडं बघितलं. मग खोकं उघडायला लावलं, कॅबिनेट टेबलावर ठेवलं, त्याला हार घातला आणि माईक घेतला. म्हणाले, लोक मंत्रिपदाच्या मागं लागतात, पण आमच्या गावच्या पोरांनी स्वतःच्या हिमतीवर कॅबिनेट आणलं! हे पाच वर्षांनी जाणारं कॅबिनेट नाही! टाळ्या पडल्या. मी पण वाजवल्या. आमच्या एडिटिंग सेंटरचं उद्घाटन अण्णांच्या हस्ते झालं हे मला त्यांच्याच तोंडून कळलं. मी बांबू सोडला आणि पहिल्यांदा श्वास घेतला.

पण जेसीबीवाल्याला आधीच सांगून ठेवलं होतं, अण्णांनी माईक खाली ठेवला की सोड. अण्णांनी माईक खाली ठेवला.

खोरंभर झेंडू, दाजी, कॅबिनेटवर. दसऱ्याचा उरलेला, सुकायला आलेला. तो ताजा दिसावा म्हणून दुपारपासून हौदात भिजत घातलेला. पाणी निथळत होतं. आणि काच गोधडीत. सगळी फुलं उघड्या अंगानं आत, पंख्यात, कार्डावर, सोळा-सोळाच्या दोन्ही पट्ट्यांवर. सद्दाम टेबलावर पालथा पडला, पण तोपर्यंत उशीर झालता. लोक टाळ्या वाजवत होते आणि मला फक्त एकच दिसत होतं: ताई ताट घेऊन दारात उभी आहे आणि समोर कुणी नाही.

नंतरचे दिवस मी कसे काढले ते विचारू नका. चाचांनी मशीन आत नेलं, एकेक पाकळी चिमट्यानं काढली, वायंडिंगच्या ब्लोअरनं वारा घातला आणि उंबऱ्यात आडवे बसले. म्हणाले, "पुरतं वाळल्याबिगर करंट द्यायचा न्हाई. मोटार असू द्या, न्हाईतर मंत्री." सद्दाम माझ्याशी बोलत नव्हता. तो बोलला असता तर बरं झालं असतं, मी रागावून कुठंतरी निघून गेलो असतो. पण तो नुसताच गप, म्हणून मी पण तिथंच बसून राहिलो. बाहेरून दोनदा बोअरची गाडी गेली. मी उठलो नाही. (चाचांनी माझ्या कपाळाला हात लावून बघितला, ताप आहे का.)

मग चाचांनी स्वतः 'स्टार्टर' चालू केला, सद्दामनं बटण दाबलं, आणि काहीच झालं नाही. मी डोळे मिटून घेतले. सद्दाम म्हणाला, "अबे, मागचं बटण." मागचं दाबलं. पंखा फिरला, आतून झेंडूची एक वाळकी पाकळी उडून बाहेर आली, चाचांच्या दाढीत बसली, आणि पडद्यावर उजेड पडला. बॅनरवरचा मजकूर खोटा नव्हता.

आम्ही आधी काय लावलं असंल? छबुआत्या. हात वर केला, मी श्वास धरला, आणि हात खाली आला! वैशाखात उचललेल्या अक्षता अश्विनात पडल्या, दाजी! सद्दामनं मला उचलून फिरवलं, माझा पाय चाचांच्या वार्निशच्या डब्याला लागला, आणि चाचांनी तो हसत सरळ केला. आता मशीन असं पळतं की मी कापलं म्हणायच्या आत कापलेलं असतं. फिल्म पुरी झाली. सुरुवातीपासून शेवटापर्यंत, कुठं थांबत नाही, कुणी हात वर करून अडकत नाही. हळदीत तुम्ही कमरेला टॉवेल बांधून नाचलात ते पण आलंय, ड्रोननं वरून घेतलंय, वरून तुम्ही लई बारीक दिसता. काल मी पोटभर जेवलो आणि चव पण लागली. मशीनचे पंखे मंद फिरतात आणि कानाला असं वाटतं की आभाळ मोकळं झालंय.

अण्णांच्या चपला परत दिल्या. ते म्हणाले, पुढच्या वेळेस पेटी म्हण.

छबुआत्याला नमस्कार, ताईला सांगा की हातातलं पीठ आता धुऊन टाक.

तुमचा, फिल्म पुरी केलेला मेव्हणा,
बजरंग

ता. क. फिल्म पेनड्राइव्हमध्ये आणतो. तुमच्या टीव्हीवर चालली नाही तर मशीनच घेऊन येऊ. मग सद्दाम पण येईल, आणि चाचा स्टार्टरजवळ दुसऱ्या कुणाला बसू देत नाहीत म्हणून ते पण येतील. ताईला पोळ्या त्या हिशोबानं करायला सांगा.

ता. क. दुसरं. खरं काम हेच आहे, वर लिहायचं धाडस झालं नाही. पाठवणीच्या वेळेस सद्दामचा कॅमेरा मनिषावर होता. माझा पण तिथंच पाहिजे होता. पण मांडवामागं जनरेटर सुरू झाला आणि माझे पाय तिकडं वळले. जुन्या लॅपटॉपवर ते सगळं काळंकुट्ट दिसायचं, मला वाटायचं नुसता जनरेटरच घेतलाय. आता साफ दिसतं. जनरेटरच्या पलीकडं डिझेलच्या कॅनवर तुम्ही बसलेले आहात. डिझेल बघून येतो म्हणून गेलतात. फेट्याचं टोक तोंडात धरलंय. जनरेटरच्या आवाजात बाकी काही ऐकू येत नाही, फक्त तुमचे खांदे हलताना दिसतात. आणि सद्दामच्या कॅमेऱ्यात त्याच वेळेस मनिषा गाडीच्या काचेतून मान काढून विचारायलीय, "दादा कुठंय? दादा आला न्हाई का?" तिला अजून वाटतं तुम्ही तिला वाटं लावायला आला नाहीत. सद्दाम म्हणतो, दोन्ही शेजारी-शेजारी लावू. मी म्हणालो, दाजींना विचारल्याबिगर नाही. जावई, विहीणबाई, सगळे बघणार. ठेवू का काढू, एका शब्दात कळवा. त्यासाठी मला अनब्लॉक करावं लागंल.

ता. क. तिसरं. हे लिहायलोय आणि दुकानासमोर मोटारसायकल थांबली. मला वाटलं अण्णा. बघतो तर तुम्ही! एवढ्या लांबून, भुवयांवर धुरळा. मी पाया पडायला वाकलो तर तुम्ही पाय मागं घेतले आणि म्हणालात, "आमच्या कारखान्यावर सकाळपासून लोक पेढे मागायलेत बे. कावून म्हणलं तर म्हणे तुमच्या मेव्हण्याला कॅबिनेट मिळालं. जेसीबीचा फोटो बी दावला. कुठंय ते?" मी बोट दाखवलं. तुम्ही खुर्ची ओढून समोर बसलात, सद्दामनं फिल्म लावली, आणि मला दुसरं काही सुचेना म्हणून मी कोपऱ्यात बसून हे पत्रच पुढं लिहायलोय. हळदीत स्वतःला बघून तुम्ही हसलात. आईच्या अक्षता पडल्या तेव्हा डोक्यावरून हात फिरवलात, जणू खरंच पडल्या. आता जनरेटर आलाय. शेजारी मनिषा (सद्दामनं नमुन्याला जोडून ठेवलंच होतं). चाचांनी ब्लोअर बंद केला आणि तुम्हाला विचारलं, "हे ठिवायचं का काढायचं?" सद्दाम माझ्याकडं बघतोय, मी कागदाकडं.

तुम्ही वळला नाहीत. पडद्याकडंच बघत म्हणालात, "ठिव."

मग म्हणालात, "जनरेटरचा आवाज हाय तेवढाच राहू दे. कमी करू नको."

आणि मग माझ्याकडं बघून, "काय लिहायलास बे कवापासून?" मी म्हणालो, तुमालाच पत्र. तुम्ही डोळे पुसत म्हणालात, "मग टाक की टपालात. घरी गेल्यावर वाचतो. आन भाऊबीजेला सकाळच्या गाडीनं ये, वाटंत उतरू नको."

म्हणून टाकतोय.